विमानाचं भाडं माणूस बघून ठरतं का? डेल्टाच्या लेखी उत्तराचं प्रकरण

तिमाही निकालांनंतर विमान कंपन्यांचे अधिकारी शेअर बाजारातल्या विश्लेषकांशी बोलतात. ते संभाषण सहसा कुणी प्रवासी ऐकायला जात नाही. १० जुलै २०२५ ला मात्र अशाच एका संभाषणातून दोन आकडे बाहेर आले आणि अमेरिकेत पुढचे तीन आठवडे गाजत राहिले. डेल्टा एअरलाइन्सचे तेव्हाचे अध्यक्ष ग्लेन हाउनस्टाइन म्हणाले, की कंपनीच्या देशांतर्गत भाड्यांपैकी सुमारे ३ टक्के भाडी आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने ठरतात आणि वर्षअखेरीपर्यंत हे प्रमाण २० टक्क्यांवर न्यायचं आहे. ही यंत्रणा फेचर नावाच्या इस्रायली कंपनीची. व्हर्जिन अटलांटिक, कॅनडाची वेस्टजेट, ब्राझीलची अझुल याही तिच्या ग्राहक.

नुसत्या टक्क्यांनी कुणी फारसं हललं नसतं. पण हाउनस्टाइन यांचं नोव्हेंबर २०२४ मधलं जुनं बोलणं कुणीतरी उकरून काढलं. तेव्हा गुंतवणूकदारांपुढे ते म्हणाले होते, की पुढे त्या विमानाचं, त्या वेळेचं, ‘तुमच्यासाठी, त्या एका व्यक्तीसाठी’ असलेलं भाडं आमच्याकडे तयार असेल. भाडी ठरवण्याची पद्धतच आम्ही मुळापासून बदलतो आहोत, असंही त्यांनी सांगितलं होतं. गुंतवणूकदारांना हे ऐकायला गोडच वाटलं असणार. प्रवाशांनी ते ऐकलं तेव्हा त्यांना वाटलं, बघा, आम्ही इतकी वर्षं म्हणत होतो ते हेच.

काय म्हणत होते? भाडं एकदा बघून ठेवलं आणि रात्री पुन्हा बघायला गेलं की ते वाढलेलं असतं. म्हणून ब्राउझरच्या गुप्त, म्हणजे इन्कॉग्निटो, विंडोत शोधा, वेबसाइटने आपली ओळख ठेवायला ब्राउझरमध्ये साठवलेल्या कुकीज पुसा, दुसऱ्या कुणाच्या फोनवरून बघा. हा सल्ला आपल्याकडच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जितक्या खात्रीने फिरतो, तितक्याच खात्रीने न्यू जर्सीतल्या मराठी घरांतही फिरतो. तो पटतो याचं कारण बाजाराचा आपला अनुभव. मंडईत पुढचे चार गाळे फिरून पुन्हा पहिल्याच गाळ्यावर आलेलं गिऱ्हाईक भाजीवाली बरोबर ओळखते, आणि मग भाव सोडत नाही. वेबसाइटही तेच करत असणार, असं आपण धरून चालतो.

डेल्टाच्या प्रकरणात झालं काय, तर ‘मी दोनदा शोधलं म्हणून भाडं वाढलं’ ही जुनी तक्रार आणि ‘कंपनी माझी माहिती वापरून माझ्यापुरता भाव लावेल’ ही नवी भीती, या दोन्हींची गाठ मारली गेली. माझ्या मते ही गाठ सोडवल्याशिवाय प्रकरण समजत नाही. तक्रारीचं उत्तर बऱ्यापैकी ठामपणे देता येतं. भीतीवर मात्र सध्या हातात आहे ते एक पत्र.

पत्रापर्यंतचा प्रवास

२१ जुलैला रुबेन गॅलेगो, मार्क वॉर्नर आणि रिचर्ड ब्लूमेंथल या तीन डेमोक्रॅटिक सिनेटरांनी डेल्टाचे मुख्याधिकारी एड बॅस्टियन यांना पत्र पाठवलं. प्रत्येक ग्राहक जास्तीत जास्त किती सोसू शकतो ते ओळखून भाडं तिथवर ताणलं जाईल, ही त्यांची मुख्य हरकत. यंत्रणेला कोणती माहिती पुरवता, हा मुख्य प्रश्न. दोन दिवसांनी प्रतिनिधिगृहात ग्रेग कसार आणि रशिदा तलैब यांनी वैयक्तिक माहितीवरून किमती आणि पगार ठरवण्यावर बंदी घालणारं विधेयक मांडलं. त्यानंतर लगेचच अमेरिकन एअरलाइन्सचे प्रमुख रॉबर्ट आयसम यांनी, ग्राहकाला फसवण्याचा हा खेळ आम्ही खेळणार नाही, असं सांगून प्रतिस्पर्ध्याला चिमटा काढला.

हा चिमटा ऐकून गंमत वाटते. भाड्यांची गणितं यंत्राच्या हाती देऊन प्रतिस्पर्ध्यांना नामोहरम करण्याचा पायंडा १९८५ मध्ये याच अमेरिकन एअरलाइन्सने, रॉबर्ट क्रँडल यांच्या कारकिर्दीत पाडला होता. एकाच विमानात शेजारी बसलेल्या दोघांनी वेगळी भाडी भरलेली असणं ही तेव्हापासूनची रीत आहे.

डेल्टाचं जुलैमधलं पहिलं स्पष्टीकरण त्रोटक होतं. आमची भाडी जाहीरपणे नोंदवलेली असतात आणि ती किती दिवस आधी तिकीट काढलं, कोणता वर्ग निवडला अशा प्रवासाशी निगडित गोष्टींवरच ठरतात, असं कंपनीने म्हटलं. यातल्या ‘नोंदवलेली’ या भागाकडे बातम्यांनी दुर्लक्ष केलं. दोनदा शोधण्याच्या तक्रारीचं उत्तर तिथेच दडलं आहे.

रात्री बघितलं तर वाढलेलं का दिसतं

विमानाचं भाडं दोन टप्प्यांत ठरतं, आणि बहुतेक मोठ्या कंपन्यांत हे टप्पे दोन वेगळ्या विभागांकडे असतात. पहिला विभाग भाड्यांची यादी बनवतो. एका मार्गावर साध्या वर्गातच डझनभर भाडी असू शकतात. प्रत्येकाला इंग्रजी वर्णमालेतलं एक अक्षर आणि सोबत अटी: २१ दिवस आधी काढलं तरच, रद्द केल्यास परतावा नाही, वगैरे. ही यादी एटीपीको या विमान कंपन्यांनीच उभ्या केलेल्या संस्थेकडे नोंदवली जाते आणि तिथून अमेडियस, सेबर, ट्रॅव्हलपोर्ट या आरक्षण यंत्रणांकडे जाते. दिवसातून अनेकदा.

दुसरा विभाग ठरवतो, की आज त्या विमानात कोणत्या अक्षराच्या किती जागा विकायच्या. ट्रॅव्हल एजंटच्या पडद्यावर हे ‘वाय ९, बी ९, एम ४, क्यू ३’ अशा ओळीत दिसतं. ९ म्हणजे नऊ किंवा जास्त. क्यूच्या जागा संपल्या किंवा बंद केल्या, की पुढच्या माणसाला एमचं भाडं दिसतं. मधली पायरी नसते, म्हणून भाडं हळूहळू न चढता एकदम उडी मारतं. दुपारी एक आकडा आणि रात्री भलताच, असं वाटतं ते यामुळे.

आता चौघांच्या कुटुंबाचं घ्या. क्यूमध्ये तीनच जागा आहेत. चौघांचं एकत्र तिकीट शोधलं, तर बहुतेक यंत्रणा चौघांनाही एमचं भाडं लावतात. दुपारी सहज एकट्याचं भाडं बघितलं होतं आणि रात्री घरचे सगळे जमल्यावर चौघांचं बघितलं, तर दरडोई आकडा वाढलेलाच दिसणार. इथे कंपनीने कुणालाही ओळखलेलं नाही. एकेकट्याचं शोधून तिघांना क्यूमध्ये आणि चौथ्याला एममध्ये बसवता येतं, हे जुन्या एजंटांना पाठ असतं.

दिवसांच्या अटीचंही तसंच. १४ दिवस आधीची अट असलेलं भाडं रात्री बाराला मुदत ओलांडतं. निजण्यापूर्वी बघून ‘सकाळी काढू’ म्हणणाऱ्याला सकाळी ते मिळत नाही, आणि दोष कुकीजला जातो.

तुलना करणाऱ्या वेबसाइटवर आणखी एक भानगड आहे. तिकीट काढणाऱ्यांपेक्षा नुसतं बघणाऱ्यांची संख्या कितीतरी पट असते. प्रत्येक शोधासाठी कंपनीच्या यंत्रणेला विचारायचं तर खर्च परवडत नाही, म्हणून आधीच्या कुणाच्या तरी शोधाचं उत्तर साठवून तेच दाखवलं जातं. क्लिक केल्यावर खरा भाव तपासला जातो आणि ‘भाडं बदललं आहे’ अशी पाटी येते. तुमच्या क्लिकमुळे ते बदललं असं दिसतं. प्रत्यक्षात ते आधीच बदललेलं होतं, तुम्हाला शिळा आकडा दाखवला होता.

एक शक्यता मात्र अशी आहे, की ज्यात तुमच्याच हालचालीने भाडं खरोखर वाढतं. काही यंत्रणांत पैसे भरायच्या पानापर्यंत गेलात की जागा काही मिनिटं तुमच्या नावाने अडवून ठेवली जाते. विचार बदलून खिडकी बंद केली आणि लगेच दुसऱ्या खिडकीत शोधलं, तर स्वस्त क्लासमधली शेवटची जागा अजून तुमच्याच अडवणुकीत असते. तुम्हाला वरचं भाडं दिसतं. आणि ते इन्कॉग्निटोमध्येही वरचंच दिसेल, शेजाऱ्याच्या फोनवरही. थोडा वेळ थांबलं की जागा सुटते आणि भाडं परत खाली येतं. कुकीज पुसून पुन्हा सुरुवात करेपर्यंत तेवढा वेळ गेलेला असतो, आणि उपाय लागू पडला अशी खात्री पटते.

मोजून पाहिलेल्यांना काय आढळलं

या समजुतीची तपासणी झालेली आहे. बेल्जियममधल्या ल्यूवेन विद्यापीठातले संशोधक आणि त्यांचे सहकारी यांनी २०१४ मध्ये २५ विमान कंपन्यांच्या वेबसाइटवर तीन आठवडे पाळत ठेवली. त्यासाठी ६६ वेगवेगळे ‘प्रवासी’ बनवले: कुणाच्या कुकीज साठलेल्या, कुणाच्या पुसलेल्या, कुणाचा ब्राउझर वेगळा, कुणाचं शोधायचं ठिकाण वेगळं. सगळ्यांनी तीच भाडी पुन्हापुन्हा शोधायची. माणूस बघून पद्धतशीर भाडं बदलल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी खरेदीच्या आणि प्रवासाच्या वेबसाइट तपासल्या. तिथे मात्र फरक सापडले, मुख्यतः हॉटेलांच्या दरांत. ऑर्बिट्झ आणि चीपटिकिट्स लॉगिन केलेल्या सदस्यांना काही खोल्या स्वस्त दाखवत होत्या, तर ट्रॅव्हलॉसिटी मोबाइलवरून येणाऱ्यांना. म्हणजे ओळख पटवल्यावर भाव उतरत होता. हॉटेल आणि विमान एकाच वेबसाइटवर विकलं जातं, तेव्हा ऐकीव गोष्टींत दोन्हींची सरमिसळ होणं साहजिक आहे.

मला सगळ्यांत रोचक वाटतो तो २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास. अली होर्ताचसू, ऑलिव्हिया नेटन, केव्हिन विल्यम्स आणि त्यांच्या सहकारी अर्थशास्त्रज्ञांना अमेरिकेतल्या एका मोठ्या विमान कंपनीची आतली माहिती बघायला मिळाली, नाव उघड न करण्याच्या बोलीवर. आत त्यांना जे दिसलं, ते आपल्या कल्पनेतल्या कावेबाज यंत्रापेक्षा सरकारी कचेरीच्या जवळचं होतं. यादी बनवणारा विभाग आणि जागा वाटणारा विभाग यांचं एकमेकांशी नीट जुळत नव्हतं. भाड्यांच्या पायऱ्या ठरावीक आणि मोजक्या. आपल्याच दुसऱ्या वेळेच्या विमानाचं भाडं काय आहे, याचाही हिशेब गणितात धरलेला नव्हता. जी यंत्रणा स्वतःच्या संध्याकाळच्या विमानाकडे बघत नाही, ती तुम्ही किती वेळा शोधलं हे मोजून भाव चढवते, यावर विश्वास ठेवणं मला जड जातं.

१ ऑगस्टचं पत्र

डेल्टाने सिनेटरांना उत्तर दिलं ते १ ऑगस्ट २०२५ ला. वैयक्तिक माहितीच्या आधारे एकेका ग्राहकाला लक्ष्य करून वेगळी किंमत लावणारं भाडं डेल्टाने कधी वापरलेलं नाही, त्याची चाचणीही चालू नाही आणि तसा इरादाही नाही, असं त्यात निःसंदिग्धपणे लिहिलं आहे. भूत, वर्तमान, भविष्य तिन्ही काळ झाकले आहेत. वकिलांनी वाक्य घासूनपुसून बसवल्याचं कळतं, आणि मला ते खोटं वाटत नाही. वर सांगितलेल्या नोंदणीच्या आणि अक्षरांच्या पद्धतीत एका माणसापुरतं भाडं बसवणं मुळातच अवघड आहे.

मग फेचर करतं काय? पत्रानुसार मार्गावरची मागणी, प्रतिस्पर्ध्यांची भाडी, विक्रीचा वेग अशा एकत्रित माहितीवरून ते भाडं सुचवतं आणि माणसं त्यावर देखरेख ठेवतात. कोट्यवधी भाडी आणि लाखो मार्गजोड्या हाताने सांभाळता येत नाहीत, म्हणून हे यंत्र.

पत्र वाचताना डोळा अडकतो तो ‘एकत्रित’ या शब्दावर. तुम्ही एकट्याने तेच विमान कितीदा बघितलं, याने काही होत नाही, हे मान्य. पण हजारो लोक एकाच आठवड्यात एकाच गावाचं, एकाच तारखेचं भाडं बघू लागले, तर ती मागणीचीच खूण ठरते. क्रिकेटच्या अंतिम सामन्याचं शहर जाहीर होताच तिथली भाडी चढतात, ती एरवीही जागा विकल्या गेल्यावर चढणारच. यंत्राला त्याच्या आधी, नुसत्या शोधांवरून सुगावा लागला तर? तेव्हा तुमचा शोध मोजला गेलेला असेल, पण गर्दीतला एक म्हणून. पत्रातलं ‘वैयक्तिक माहिती वापरत नाही’ हे विधान तेव्हाही खरंच राहील. इन्कॉग्निटो तिथे निरुपयोगी, कारण गर्दी मोजायला नावं लागत नाहीत.

आणि माणूस न ओळखता भेदभाव करता येतो, याचा नमुना या गदारोळाच्या सहाच आठवडे आधी दिसला होता. मे २०२५ च्या अखेरीस असं उघडकीस आलं, की अमेरिकेतल्या तिन्ही बड्या कंपन्या, डेल्टासह, काही देशांतर्गत मार्गांवर एकट्या प्रवाशाला दोघांच्या दरडोई भाड्यापेक्षा जास्त भाडं लावत होत्या. कृत्रिम बुद्धिमत्ता नाही, कुकीज नाहीत. स्वस्त भाड्याच्या अटींत ‘किमान दोन प्रवासी’ एवढी एक ओळ घातली होती, कारण एकटा प्रवासी बहुधा नोकरीच्या कामासाठी निघालेला असतो आणि पैसे त्याच्या खिशातून जात नाहीत. बोभाटा झाल्यावर डेल्टा आणि युनायटेडने ते मागे घेतलं. एकटं राहणाऱ्या, आईवडिलांना भेटायला एकट्याने निघालेल्या माणसाला याचा फटका बसतो, हे त्या एका ओळीला ठाऊक नसतं. मला वैयक्तिक भाड्याच्या धास्तीपेक्षा हा प्रकार जास्त खटकतो.

दार कुठे किलकिलं आहे

अक्षरांची पद्धत कायमची नाही. जागतिक विमान कंपन्यांची संघटना आयाटाने २०१२ मध्ये एनडीसी नावाचा नवा मानक आणला. त्यात भाडं आधी नोंदवून ठेवायची गरज नाही. कुणी विचारलं की कंपनी त्या क्षणी प्रस्ताव तयार करून पाठवते, दोन पायऱ्यांच्या मधलं भाडंही देऊ शकते, आणि विचारणारा कोण आहे हे कळलं तर त्याप्रमाणे प्रस्ताव बदलणं तांत्रिकदृष्ट्या शक्य होतं. हा धोका तेव्हाच ओळखला गेला होता. अमेरिकेच्या परिवहन खात्याने २०१४ मध्ये या मानकाला मंजुरी दिली ती अटींवर, आणि भाडं बघण्यासाठी प्रवाशाला स्वतःची माहिती देण्याची सक्ती करता येणार नाही, ही त्यातली एक अट होती. बारा वर्षांपूर्वी ती अट कागदी वाटली असेल, आज ती कामाची आहे. लॉगिन केल्याशिवाय भाडंच दिसत नाही, अशी वेळ आली तर समजावं की जुन्या पद्धतीचा भरवसा संपला.

भारतात प्रश्न वेगळ्या वाटेने येतो. विमान नियम १९३७ मधल्या १३५ व्या नियमाप्रमाणे कंपनीने खर्च, सेवेचं स्वरूप, वाजवी नफा हे बघून भाडं ठरवायचं आणि जाहीर करायचं. सरकार एरवी आकडा ठरवत नाही. करोनाकाळात मे २०२० ते ऑगस्ट २०२२ पर्यंत भाड्यांना किमान आणि कमाल मर्यादा घातल्या होत्या. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची उड्डाणं मोठ्या संख्येने रद्द झाली तेव्हा ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपयांपासून १,५०० किलोमीटरच्या पुढे १८,००० रुपयांपर्यंत कमाल मर्यादा घातली गेली. दोन्ही वेळा ओरड होती ती सगळ्यांनाच महाग पडत असल्याची. माणूस बघून भाव लावल्याचा संशय आपल्याकडे सरकारी पातळीवर घेतला गेला तो टॅक्सीच्या बाबतीत. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ओला आणि उबरला, आयफोन आणि अँड्रॉइडवर वेगळं भाडं दिसतं का, अशी नोटीस काढली. दोन्ही कंपन्यांनी इन्कार केला. मुंबई-लंडन उडणारी व्हर्जिन अटलांटिक फेचरच्या ग्राहकांत असली, तरी इथे तिला कुणी असं काही विचारल्याचं माझ्या वाचनात नाही.

कुणी विचारलंच, की मग आम्ही काय करायचं, तर माझं उत्तर कंटाळवाणं आहे. कुकीजमागे लागू नये. चौघांचं असेल तर आधी एकेकट्याचं बघावं, दिवसांच्या अटीची मध्यरात्र चुकवू नये, आणि तुलनेच्या वेबसाइटवरचा आकडा कंपनीच्या स्वतःच्या पानावर पडताळावा. अमेरिकेत प्रवासाला सात दिवस किंवा जास्त असतील, तर तिकीट काढून २४ तासांत विनादंड रद्द करता येतं किंवा कंपनीच्या पर्यायानुसार तेवढा वेळ भाडं रोखून धरता येतं. ‘सकाळी काढू’ म्हणणाऱ्यांसाठी ही सोय कुठल्याही गुप्त खिडकीपेक्षा चांगली.

डेल्टाच्या पत्राची शहानिशा कुणी करायची, हा प्रश्न मात्र उरतो. न्यूयॉर्क राज्यात नोव्हेंबर २०२५ पासून एक कायदा लागू आहे. वैयक्तिक माहिती वापरून यंत्राने किंमत ठरवली असेल, तर तसं किमतीशेजारी लिहावं लागतं. विमानभाड्यांना तो लावणं सोपं नाही. विमानसेवेवरचं सरकारी नियंत्रण काढणाऱ्या अमेरिकेच्या १९७८ च्या कायद्याने विमान कंपन्यांच्या किमती, मार्ग आणि सेवा यांत ढवळाढवळ करायला राज्यांना मनाई केली आहे, आणि १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भाड्यांच्या जाहिरातींवरचे राज्यांचे नियमही त्याच कारणाने अडवले होते. अधिकार राहतो तो केंद्रीय परिवहन खात्याकडे. डेल्टाचं पत्र गेल्यावर चारच दिवसांनी परिवहनमंत्री शॉन डफी यांना याबद्दल विचारलं गेलं. कुणी माणसागणिक भाडी लावत असेल तर आम्ही नक्की चौकशी करू, असं ते म्हणाले. आणि डेल्टाबद्दल? त्यांनी तसं करत नसल्याचं सांगितलं आहे, आम्ही त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवतो.